कित्ता

पाकीट परत आलं, एवढंच झालं. खाकी सरकारी पाकीट, डाव्या कोपऱ्यात कार्यालयाचा गोल शिक्का, मधोमध टाइप केलेला पत्ता, आणि त्या पत्त्यावर तिरपी काट मारून पोस्टमनने लाल शाईत, शाळकरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘कोणी नाही. कारखाना नाही. गवत आहे.’ टेबलाशी बसून त्याने ते तीनदा वाचलं. पहिल्या दोन वाक्यांबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. तशी पाकिटं येतच असतात. मालक सापडत नाही, घर बंद, घेण्यास नकार. पण गवताची चौकशी कोणी केली नव्हती. पोस्टमन बिचारा सायकलवरून उतरला असेल, फाटकापर्यंत चालत गेला असेल, आत डोकावला असेल, आणि जे दिसलं ते लिहून मोकळा झाला असेल. सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून लिहिलेली माहिती या खोलीत पहिल्यांदाच येत होती, आणि ती कुठल्या रकान्यात बसवायची याची सोय नव्हती. त्याने पाकीट पालथं घातलं. मग उलथं केलं. मग उडून जाईल म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला. पंखा बंद होता.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीबाहेर एका गोदामाचं पत्र्याचं छप्पर, त्यापलीकडे पाण्याची टाकी. आत नऊ टेबलं, चौदा कपाटं आणि भिंतीवर एक आलेख, ज्याची रेघ डावीकडून उजवीकडे चढत चढत चौकटीला टेकली होती; पुढे चढायला जागाच न उरल्यामुळे गेली काही वर्षं ती कोणी काढली नव्हती. या खोलीत दर महिन्याला देश मोजला जाई. म्हणजे चारशे बारा कारखान्यांना फॉर्म जात, त्यांनी त्या महिन्यात किती टन, किती मीटर, किती नग माल काढला ते भरून पाठवायचं, प्रत्येकाला त्याचं ठरलेलं वजन लावून बेरीज करायची, आणि एका जुन्या वर्षाला शंभर धरून आज आपण किती झालो ते जाहीर करायचं. त्या एका आकड्यावर मंत्री भाषण करत, वर्तमानपत्रं अग्रलेख पाडत, आणि वर्षातून एकदा परदेशातून सुटाबुटातली माणसं येऊन माना हलवून जात. फॉर्म मात्र सगळे येत नसत. दीडशे-पावणेदोनशे हटकून राहत. त्यांचं काय करायचं याला नियम होता : मागच्या महिन्याचा आकडा तसाच खाली उतरवायचा आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, ‘कित्ता’. आणि कारखाना बंदच पडला असेल तर? त्यालाही नियम होता : तसं कारखान्याने फॉर्मवर भरून कळवावं. बंद पडलेला कारखाना फॉर्म भरत नाही ही गोष्ट नियम करणाऱ्याच्या ध्यानात आली नसेल, किंवा आली असेल तेव्हा त्याच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असतील. न आलेल्या फॉर्मांचं हे टेबल त्याला रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मिळालं, आणि तिसऱ्या दिवसापासून तो ‘कित्ते’ झाला. नव्या लोकांना ते आडनावच वाटे. एकाने तर लग्नपत्रिकेच्या पाकिटावर ‘श्री. व सौ. कित्ते’ असं लिहिलं होतं, आणि त्याची बायको त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

पाकिटावरचा कारखाना शिलाई यंत्रांचा होता. तो बंद आहे हे त्याला माहीत होतं. म्हणजे घरी माहीत होतं. नऊ वर्षं आणि चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी त्याचा दादा, सख्खा थोरला भाऊ, नेहमीसारखा कामावर गेला आणि दहाच्या सुमारास परत आला. डबा हातात तसाच जड. ‘फाटकाला साखळी आहे,’ दादा म्हणाला, आणि चपला काढून, पाय धुऊन, बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर बसला. तिथे तो अजून बसलेला होता म्हटलं तरी चालेल. एकोणतीस वर्षं दादा त्या कारखान्याच्या शेवटच्या खोलीत तपासनीस होता. तयार यंत्र समोर यायचं, दादा त्याच्या सुईखाली कापडाची वीतभर पट्टी सरकवायचा, चाकाला हात द्यायचा आणि मान कलती करून ऐकायचा. टाके बघायची त्याला गरज पडत नसे. ऐकूनच कळायचं. मग पट्टी फाडून टोपलीत, यंत्रावर शिक्का, पुढचं यंत्र. लग्न करायचं राहून गेलं, ते बहुधा असंच ऐकता ऐकता. कारखाना बंद झाल्यावरही पुष्कळ दिवस दादाच्या बोटांना तेलाचा वास येई. जेवताना, पेपर चाळताना, दाराची कडी लावताना. मग एके दिवशी तो येईनासा झाला. नेमका कोणत्या दिवशी, ते घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, इथे, याच टेबलावर, कारखान्याचा फॉर्म आला नाही. त्याने मागचा आकडा, चार हजार तीनशे बारा, खाली उतरवला आणि पुढे लिहिलं, कित्ता. तेव्हा हात अडखळला होता का? पाकिटाकडे बघत त्याने आठवून पाहिलं. अडखळला असता तर बरं झालं असतं; पण नव्हता अडखळला. घरी माहीत असणं आणि कार्यालयात माहीत असणं यांच्यामध्ये बसचा पाऊण तास होता, आणि त्या पाऊण तासात तो डुलकी काढत असे. दर महिन्याला कारखान्याला स्मरणपत्र जाई आणि पोचपावतीवर सही होऊन येई, कारण फाटकावर एक म्हातारा पहारेकरी उरला होता आणि आलेल्या कागदावर सही करायची हे त्याच्या हाताला पक्कं माहीत होतं. आता तो गेला असणार. कोणी कळवलं नव्हतं, पण सही करायला माणूस नाही म्हणजे गेलाच. पुढे कार्यालयात संगणक आला तेव्हा ती प्रणाली बसवणाऱ्या पोराने त्याला विचारलं होतं, ‘काका, आकडा आलाच नाही तर मशीनने काय करायचं?’ तो म्हणाला, ‘कित्ता.’ पोराने तेच नाव त्या बटणाला दिलं. तेव्हापासून लिहायचंही राहिलं नव्हतं. एक बटण दाबलं की दीडशे कारखाने एका दमात मागच्या महिन्याइतकाच माल काढत, आणि तोवर चहा येई.

शाळेत असताना कित्ता म्हणजे वेगळीच गोष्ट होती. पुस्तकात वर एक ओळ छापलेली असायची, सुंदर, गोलाईची, आणि खाली नऊ रिकाम्या ओळी. वरच्यासारखं गिरवायचं. पहिली ओळ जमायची. दुसरी बऱ्यापैकी. सहाव्या-सातव्या ओळीपर्यंत पोरगं वरचं बघायचंच सोडून देतं. आपलीच आधीची ओळ बघून पुढची लिहितं, आणि मग एका ओळीत वाकडा झालेला काना पुढच्या ओळीत आणखी वाकतो, नवव्या ओळीत आडवाच होतो. दादा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. मागे उभा राहून डोक्यात टपली मारायचा. ‘वर बघ, गाढवा. वर. स्वतःचंच काय बघून लिहितोयस?’ ती टपली त्याला आता टाळूवर स्पष्ट जाणवली, आणि त्याने नकळत खोलीत मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं.

पाकीट साधं परत आलं असतं तर त्याने ते फायलीत लावून टाकलं असतं. त्याला घोर लागला होता तो पाकिटाचा नव्हता, सदतिसाव्या पानाचा होता. निर्देशांकाची पत्रिका दर महिन्याच्या बारा तारखेला छापून येई. खात्यातल्या प्रत्येकाला एक प्रत फुकट मिळे आणि ती सगळे जण घरी नेत, कारण फडताळात अंथरायला तिचा कागद चांगला होता. नऊ वर्षांपूर्वी अशीच एक प्रत बायको घडी पाडून फडताळात घालत होती, तेव्हा दादाने ती मागून घेतली, खाटेवर बसून पानं उलटली, आणि सदतिसाव्या पानावर त्याचं बोट थांबलं. ‘शिलाई यंत्रे, घरगुती. चार हजार तीनशे बारा नग.’ देशात तसला कारखाना एकच होता. दादाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं. बराच वेळ, मान जराशी कलती करून. मग म्हणाला, ‘म्हणजे कुठेतरी चालू आहे तर.’ त्या क्षणी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं : दादा, तो आकडा खरा नाही, आमच्याकडे तशी पद्धत आहे. पण तेव्हा कारखाना बंद होऊन तीन महिने झाले होते, दादा त्या तीन महिन्यांत धड शब्दही बोलला नव्हता, आणि हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. तो म्हणाला, ‘हं.’ एवढ्या एका ‘हं’वर दादाची पुढची नऊ वर्षं उभी राहिली.

पुढच्या बारा तारखेला दादा दारात उभा होता. ‘आली का रे पत्रिका?’ त्याच्या पुढच्या महिन्यातही. हळूहळू तो पुन्हा दाढी करू लागला, कामावरचा निळा सदरा इस्त्री करून खुंटीला अडकवू लागला, स्वतःचा छोटा पेचकस आणि तेलाची बुधली दर रविवारी पुसून ठेवू लागला. मालकांनी यंत्रसामग्री दुसरीकडे नेली असावी, तिथे जम बसला की जुन्या माणसांना बोलावतील, असं काहीसं त्याच्या डोक्यात असणार, असा धाकट्याने अंदाज बांधला. दादा स्वतः तसं कधी म्हणाला नव्हता. एकदा मात्र मोठ्या रस्त्यावरचा शिलाई यंत्रांचा दुकानदार स्वतः घरी आला. ‘तपासनीस, तुमच्यासारखा कान कोणाला आहे? दुरुस्तीला बसा माझ्याकडे. सकाळी या, दुपारी जा, कोणी विचारणार नाही.’ दादा हसला आणि म्हणाला, ‘नको हो. बोलावणं आलं तर तुमची पंचाईत व्हायची.’ दुकानदार गेला. तेव्हा दादा चोपन्न वर्षांचा होता. त्या दिवशी स्वयंपाकघरात बायको हळू आवाजात म्हणाली होती, ‘सांगून टाका ना एकदाचं. तुमचा आकडा म्हणजे काय ते.’ तो म्हणाला, ‘सांगतो.’ मग दादा पंचावन्नचा झाला, छप्पन्नचा झाला, आता एकसष्टचा होता. सांगायला जितका उशीर झाला तितकं सांगणं महाग होत गेलं, आणि सांगणं राहिलं ते राहिलंच.

संचालकांनी पाकीट दोन बोटांत धरून वाचलं. संचालक गोरेगोमटे, गोड बोलणारे. लवकरच आणखी वरच्या मजल्यावर जाणार होते. शेजारी उपसंचालक बसले होते. त्यांना खात्यात ‘दशांश’ म्हणत, कारण दशांशचिन्हाच्या डावीकडे काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे.

‘हे आवकेत नोंदलं का कित्ते?’

‘नोंदलं साहेब.’

‘अरेरे,’ संचालक म्हणाले. ‘म्हणजे आता कारखाना बंद झाला.’

‘नऊ वर्षांपूर्वी बंद झालाय साहेब.’

‘तुम्हाला काय माहीत?’

‘माझा भाऊ होता तिथे कामाला.’

संचालकांनी चष्मा काढला. ‘भाऊ म्हणजे सख्खा?’

‘सख्खा.’

‘नाही, तरी ते ऐकीवच झालं,’ संचालक विचार करून म्हणाले. ‘नातेवाइकांच्या सांगण्यावरून आपण देशाचं उत्पादन कमी करायला लागलो तर कठीण आहे. तुम्ही काय केलंत मग, नऊ वर्षं?’

‘फॉर्म नव्हता आला. कित्ता केलं.’

‘बरोबर केलंत,’ संचालक म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं.

दशांशांनी तोवर गणकयंत्रावर बोटं चालवली होती. ‘काढलं तर निर्देशांक खाली येतो साहेब. शून्य पूर्णांक दोन.’ ते जरा घुटमळले. ‘पण नव्या पायावर जातोच आहोत आपण या महिन्यापासून. नवं वर्ष शंभर धरायचं म्हणजे जुनं काही दिसत नाही. शिलाई यंत्रं बाबच उडवू. तिचं वजन प्लास्टिकच्या खुर्च्यांना देऊ. खुर्च्या वाढतायत.’

‘मागचं उकरायचं नाही मात्र,’ संचालक म्हणाले.

‘छे छे. मागचं मागे.’

तेव्हा तो असं काही बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. ‘साहेब, आणखी थोडे महिने चालू ठेवलं तर?’ दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं, बदलीसुद्धा नाही. ‘का बुवा?’ संचालकांनी विचारलं. त्याच्या डोळ्यांसमोर बाहेरच्या खोलीतली खुंटी आली, तिच्यावरचा निळा सदरा, इस्त्री मारून मारून कोपरांवर पांढुरका पडलेला. ‘एक माणूस वाचतो ते,’ असं काही सांगता आलं असतं का? पत्रिकेच्या अडीच हजार प्रती निघत. तिचा एक तरी वाचक आहे हे कळल्यावर खात्यात खळबळ माजली असती. ‘असंच,’ तो म्हणाला. संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘अहो, आता पोस्टाने लिहून दिलंय. गवतावर शिलाई यंत्रं कशी निघतील?’ मग सगळे जण थोडे हसले, तोही हसला. बाहेर येऊन जागेवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तळहाताला घाम आलाय, आणि बटणांवर त्याचे ओले ठसे उमटतायत. शिलाई यंत्रांची ओळ त्याने निवडली; पुसली जायला तिला अर्धा क्षण लागला. खालची ओळ वर सरकली. रिकामी जागासुद्धा राहिली नाही.

त्या महिन्याच्या बारा तारखेला तो दोन थांबे आधीच बसमधून उतरला. पिशवीत नवी पत्रिका होती. गुळगुळीत मुखपृष्ठ, वर ‘नवा पाया, नवी झेप’ असं तिरप्या अक्षरांत. सदतिसाव्या पानावर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. रस्त्याच्या कडेने चालताना त्याला दुकानं दिसत होती, माणसं दिसत होती, एकीकडे खांबाला टेकून कोणीतरी फोनवर जोरजोरात भांडत होतं, आणि हे सगळं त्याला कोणीतरी वरून उतरवून काढल्यासारखं वाटत होतं; कालचंच, परवाचंच, फक्त आकाशाचा रंग शेऱ्याच्या रकान्यात बदललेला. आपण खरोखर चालतोय की काल चाललो होतो तेच खाली उतरलंय, असा विचार मनात आला आणि तो कठड्याला धरून थोडा थांबला. एका बाईने विचारलं, ‘बरं वाटत नाही का काका?’ तो म्हणाला, ‘नाही, ठीक आहे.’ हेही तो रोज म्हणत असे. जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी, त्यांच्या सामानाची एक लाकडी पेटी होती. त्याने नवी पत्रिका तिच्यात दडवली आणि तिच्यातल्याच जुन्या रद्दीतून मागच्या महिन्याची काढली. मुखपृष्ठ फाडलं. आतली पहिली दोन पानंही, कारण त्यावर महिना होता. धूळ फुंकली. आकडा तर काय, तोच होता.

‘आली का रे?’ दादा दारातच.

‘आली. छापखान्याने कव्हर मात्र निकृष्ट लावलं या खेपेला, हातातच आलं.’

दादाने पत्रिका घेतली. खाटेवर बसला, सदतिसावं पान काढलं, बोट ठेवलं. मग बोट उचलून पानाच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे मागच्या महिन्यात दादानेच नखाने केलेली बारीक खूण होती. वाचून झालं की तशी खूण करायची त्याची सवय त्याला, धाकट्याला, ठाऊक नव्हती. ती त्याला आत्ता, त्या खुणेवरूनच कळली. दादाने पत्रिका मिटली, उशाखाली ठेवली, आणि म्हणाला, ‘पाय धुऊन घे.’ तीन दिवस गेले. दादा जेवला, फिरायला गेला, शेजाऱ्यांच्या नळाचं बूच बदलून दिलं. ‘काय झालंय दादांना?’ बायकोने विचारलं. ‘कुठे काय?’ तो म्हणाला. ‘मग तुम्हाला काय झालंय?’ त्यावर तो आंघोळीला निघून गेला. अंगावर पाणी घेताना कानात फक्त पाण्याचा आवाज होता, आणि तो थांबूच नये असं त्याला वाटत राहिलं.

रविवारी दुपारी बायको माहेरच्यांना भेटायला गेली होती. खिडकीतून ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. दादाने हाक मारली. ‘अरे, ये जरा इकडे. बस.’ तो खुर्चीच्या कडेवर बसला. नऊ वर्षं घोटून तयार असलेलं वाक्य तोंडाशी आणलं. ‘दादा, मला तुला एक सांगायचंय. त्या आकड्याबद्दल. तो आकडा खरा...’

‘नव्हता,’ दादा म्हणाला. ‘माहीत आहे मला.’

‘कधीपासून?’

‘कधीपासून म्हणजे? पहिल्या दिवसापासून.’ दादा हसला. ‘अरे, शेवटच्या महिन्यात आम्ही सहाशेसुद्धा यंत्रं काढली नव्हती. सुयांचे दांडे संपलेले. निम्मी माणसं बाकावर बसून होती. महिनाअखेरीला आमच्या कारकुनाने तुमचा तो फॉर्म काढला आणि माझ्यासमोर मागच्या महिन्याचा आकडा टाकून दिला, चार हजार तीनशे बारा. म्हणाला, कोण बघतंय. आणि समजा खरा असता, तरी कुठला कारखाना ओळीने नऊ वर्षं चार हजार तीनशे बाराच यंत्रं काढेल? एखादं इकडे नाही, एखादं तिकडे नाही. मी काय इतका खुळा आहे?’

खुर्चीची कड मांडीत रुतत होती. ‘मग तू... दर बारा तारखेला...’

‘तू लिहायचास ना!’ दादा म्हणाला, अगदी उघड गोष्ट सांगावी तसा. ‘पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, पोराला बोलून दाखवता येत नाही, पण तिथे बसून दर महिन्याला आपल्यासाठी एवढं करतोय. उद्या कोणी पकडलं तर नोकरीवर बेतेल, तरी करतोय. कारखाना गेला, पण याने कागदावर जाऊ दिला नाही. घरात बोलायचो नाही मी. तुझी बायको आहे, चार माणसांत विषय जायचा. पण मला बरं वाटायचं रे. फार बरं वाटायचं.’

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेत होतं. तो आवाज जिन्यापर्यंत गेला आणि थांबला.

‘तो दुकानदार आलेला,’ तो कसाबसा म्हणाला, ‘तेव्हा तू का नाही गेलास?’

‘जाणार होतो. सदरासुद्धा काढला होता घालायला. मग वाटलं, बरं दिसेल का? तू तिथे जिवावर उदार होऊन कारखाना चालू ठेवलेला, आणि मी इथे बंद पडला म्हणून दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसू? तुला काय वाटलं असतं? म्हटलं, तो चालू आहे म्हणतोय ना, मग आपणही चालू आहे असंच वागायचं. दाढी करायची, सदरा तयार ठेवायचा. तुझं मन राखायला नको?’ दादा थांबला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो धाकट्या भावाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात इतकी माया होती की तिच्याकडे बघवेना. ‘केलंस ना रे तू ते माझ्यासाठी?’

एकशे बारा महिने. त्यातला एकही महिना दादाचा नव्हता. बटण होतं, चहा होता, दीडशे कारखान्यांच्या गठ्ठ्यात तोही एक होता. दादासाठी म्हणून त्याने आयुष्यात जो काही खोटेपणा केला तो तीन दिवसांपूर्वी, जिन्याखाली, कव्हर फाडून. आणि तो लगेच पकडला गेला होता. खरं सांगायचं तर आत्ता सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दादाची नऊ वर्षं कशासाठी गेली याचं उत्तर ‘फॉर्म आला नाही म्हणून’ एवढंच उरलं असतं.

‘हो,’ तो म्हणाला.

दादाने मान डोलावली. ठाऊक होतंच, तरी ऐकायचं राहिलं होतं. मग खाली पाहिलं, खाटेच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाने गुंडाळला, आणि अगदी सहज विचारलं, ‘मग बंद का केलंस?’

सांगण्यासारखं होतं ते सगळं खरं होतं. पाकीट, पोस्टमन, संचालक, खुर्च्या. पण त्यातलं एक जरी बाहेर काढलं असतं, तर जे बंद झालं ते कधी कोणी चालू ठेवलंच नव्हतं, हेही मागोमाग बाहेर आलं असतं. दादा वाट पाहत होता. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. एकसष्ट वर्षांचा माणूस, गळ्याची कातडी सैल झालेली, दाढी मात्र आजही नीट केलेली. उत्तर येत नाही असं दिसल्यावर, धाकट्याचं अडलं की थोरला पुढे होतो तसा, तोच पुढे झाला.

‘वरून आलं असेल,’ दादा म्हणाला.

‘हो.’

‘वाटलंच मला. तू आपणहून नसतंस केलंस.’ दादा उठला. खाट करकरली. खिडकीशी जाऊन त्याने पडदा सरकवला, खोली जरा अंधारली, आणि परत येताना त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळलेला, त्याला कसलाही वास नव्हता.

‘रडू नकोस,’ दादा म्हणाला. ‘तुझा काय दोष त्यात?’

तो रडत नव्हता. पण दादा म्हणाला म्हणून त्याने डोळे पुसले.